आल्या दारानं जाणारा वाघमारे

वाघमारे कुठल्याही इमारतीत ज्या दारानं शिरतो, त्याच दारानं बाहेर पडतो. चिंचवडला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. वाघमारे पार्किंगकडच्या मागच्या दारानं आला होता. जेवणं झाल्यावर आम्ही सगळ्यांनी पुढच्या दारानं रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. हा गृहस्थ मात्र पंगत, स्टेज, नवरा-नवरी, आचारी असं सगळं ओलांडून मागनं निघाला आणि मंगल कार्यालयाला वळसा घालून आमच्यापाशी आला. वर आम्हालाच म्हणाला, "ज्या दारानं आलं त्याच दारानं जावं, राव. न्हाईतर माणूस हरवतो."

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याच्या असल्या बोलण्यावर गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे खूश असायचे, आणि ते बघत बसायची पाळी माझ्यावर रोज यायची.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं नेटवर्कचं काम बघायचो. दोघांचा डिप्लोमा सारखा, पगार सारखा, टेबलं समोरासमोर. पण कुठं काही बंद पडलं की लोक माझ्या टेबलावरून पुढं जाऊन त्याला विचारणार. तो लातूरकडचा, मी जन्मापासून आकुर्डीचा. म्हणजे इथला मी आणि मान त्याला. आवाज मोठा, शर्टाला कडक इस्त्री, केबल खोचताना तोंडानं शीळ. नवा शर्ट दिसला की मी टोचून विचारायचो, केवढ्याला पडला? स्वतः केलेली शेंगदाण्याची चटणी तो अख्ख्या कँटीनला वाटायचा. मी ती घेत नसे. चांगली असते म्हणतात.

यंदा जवळच कंपनीचा नवा प्लँट उभा राहिला. तिथं नेटवर्कचा इनचार्ज म्हणून आमच्यातलाच एक जाणार होता. स्वतंत्र केबिन आणि दारावर नावाची पाटी. ती पाटी मला हवी होती. इतकी, की घरात तिचा विषय काढायला बायकोनं बंदी घातली होती.

साहेबांनी नव्या प्लँटचा बॉक्स आधी आमच्याकडे जमवायला दिला. बॉक्स म्हणजे मशीनचे आकडे ऑफिसच्या स्क्रीनवर आणणारा छोटा कॉम्प्युटरच, पण त्याला केबल खोचायची चार भोकं, म्हणजे इथरनेट पोर्ट. एकात मशीनची केबल, एकात ऑफिसची, एकात कॅमेऱ्यांची, एकात इंटरनेटची. वाघमारे यायच्या आत, सकाळीच, मी तो उघडून बसलो. चारही पोर्टना पत्ते दिले आणि कुणाला कमी पडू नये म्हणून चौघांनाही बाहेर जायचा रस्ता, म्हणजे गेटवे, देऊन टाकला. मशीन बोलायला लागली. साहेबांच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर मात्र काही म्हणजे काही येईना. केबल बदलली, बॉक्स बंद करून चालू केला, देवाचं नाव घेतलं. स्क्रीन कोरी.

तेवढ्यात वाघमारे आला. "काय करलालास, राव?" म्हणत माझी खुर्ची ओढून बसला. त्याची रिकामी होती.

मग साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं मला समजावलं. ऑफिसनं विचारलेलं बॉक्सपर्यंत पोचतंय, बॉक्स उत्तरही देतोय, पण ते उत्तर इंटरनेटच्या पोर्टातून बाहेर पडतंय आणि तिथं त्याला कुणी ओळखत नाही. त्यानं माझे जादा गेटवे काढले, पोर्टागणिक रस्त्यांचा वेगळा तक्ता केला आणि ऑफिसकडून आलेल्याला ऑफिसच्याच पोर्टानं उत्तर, असा नियम घातला. स्क्रीन आकड्यांनी भरली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आधीच गुंडाळलेली केबल मी परत उलगडून गुंडाळत बसलो.

पाटी गेली, असं मी घरी सांगूनही टाकलं. आणि पुढच्या आठवड्यात आदेश आला, तो माझ्या नावाचा. साहेब म्हणाले की वाघमारेंनी नको म्हटलं, तुमचं नाव त्यांनीच सुचवलं. आनंद व्हायच्या ऐवजी मला संतापच आला. पाटी मिळाली, तीही याची उष्टी.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो आणि का नको म्हणालास ते सरळ विचारलं. आधी म्हणाला, तिकडं धूळ फार. मग खिडकीची काच ओढून घेतली.

"तिथं केबिनीत एकट्यानं बसायचं. घरी एकटाच हाय की मी."

त्याची बायको वारल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तो मात्र तिच्याविषयी कधी बोलला नव्हता.

"ती होती तवा चष्म्याची काडी बदलली तरी दारातच वळखायची. आता दाढी वाढू दे न्हाईतर मिशी काढू दे, कोण विचारतंय? तू विचारतोस. जळून विचारतोस, ते कळतंय मला. पण ध्यान असतं तुझं माझ्यावर."

त्याचा स्टॉप आला, तो उतरून गेला.

मी नव्या प्लँटवर रुजू झालो. दारावर पाटी लागली. आता काही अडलं की सगळे मलाच विचारतात, मलाही साहेब म्हणतात. समोर दुसरं टेबल नाही. कुणी शीळ घालत नाही. ज्याचा राग यावा असा माणूसच तिथं नाही. परवा जेवायच्या सुट्टीआधी मी वाघमारेला फोन लावला आणि बॉक्समध्ये काहीतरी अडलंय म्हणून सांगितलं.

काही अडलं नव्हतं. काय अडलंय, हे त्यानंही विचारलं नाही.

"हात लावू नको कशाला," तो म्हणाला. "जेवायचा थांब. येतो मी."