शांतिमंडप उभारिला त्याची हकीकत

श्रीगजानना, सर्वांचे कान शाबूत राखावे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे माघ मासीं कोणे एके राज्यांत ऐसें वर्तमान जाहलें कीं, राजधानीचे चौकांत भोंग्यांचा कहर माजला, आणि सिग्नल लाल असतांही रिक्षावाले भोंगा दाबोन राहिले, जणूं दिवा त्यानेंच हिरवा होतो. त्या चौकांत गेनोबा कासार बांगड्यांची गाडी लावीत, आणि समोरील फुटपाथीं हौसाबाई फुलारीण गजरे ओवीत. उभयतां एकटीं. बहुत वर्षें हातवाऱ्यांनींच बोलत. चहा हवा तरी अंगठा ओठीं नेत. परंतु गेनोबांचे मनीं एक प्रश्न होता, तो हातवाऱ्यानें विचारवेना, आणि ओरडावें तर चौकभर बोभाटा होईल, म्हणोन जीव टांगणीस लागला.

मग भोंग्यांवर उपाय म्हणोन सरकारांनीं रेवतीबाई स्थापत्यकार यांस पाचारिलें, आणि बाईंनीं बांबू, काथ्या व जुन्या गोधड्या यांचा शांतिमंडप आठ दिवसांकरितां उभा केला. आंत शिरतां भोंगा परगांवीं वाजतो ऐसें वाटे. बाई बहुत गुणी, परंतु आपले लोक त्यांनीं जमेस धरिले नाहींत. मंडपांत फोन उत्तम ऐकूं येतो हें कळतांच ज्यास फोन करणें तो तो आंत धांवला, आणि कोणी "हां, बोल रे, आता येतंय ऐकू!" म्हणोन गर्जले, कोणी मेहुण्याशीं भांडले, आणि मग बाहेरील चौक बरा ऐसी अवस्था जाहली. रेवतीबाई कपाळास हात लावोन बसल्या.

शेवटचे दिवशीं गेनोबा नवा सदरा लेवून हौसाबाईंस घेऊन मंडपीं आले, आणि हळूच विचारते जाहले. बाई म्हणाल्या, "काय?" पुन्हा विचारिलें. "अवो, काय म्हणताय?" मग गेनोबांनीं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकिली, "हौसाबाई, माझ्याशी लगीन करता का?" तों सर्व मंडळी फोन कानीं तैसेच धरोन स्तब्ध. गेनोबा घामाघूम, आतां भुई दुभंगेल तर बरें, ऐसें त्यांचें तोंड जाहलें. हौसाबाईंनीं पदर सांवरिला आणि बोलिल्या, "एवढं वरडायला मी काय बहिरी हाय? उद्यापास्नं फुलांची पाटी तुमच्या गाडीशेजारी मांडते. मग बोला हळू." आम्ही तेथेंच होतों. डोळे भरून आले, हें लिहावयास लाज नाहीं.

दुसरे दिवशीं मंडप उतरला, गोधड्या धुवावयास गेल्या, आणि भोंगे पूर्ववत चालूं राहिले. सारांश, दरबारीं मंडप फसला ऐसी नोंद जाहली. आम्ही लग्नास जेवून आलों, सबब आमचें मत निराळें. हकीकत पुरी जाहली.