दुपारी तीन वाजता, शाळेच्या सभागृहात

अच्युतन मास्तरांनी मरायला होकार दिला, तो निव्वळ वेळ वाचावा म्हणून.

बारावीतल्या जिन्सी वर्गीसचा बारा मिनिटांचा लघुपट होता. घरातला म्हातारा गेलाय, आदरांजलीच्या पोस्टरवर लावायला त्याचा एकही हसरा फोटो सापडत नाही, म्हणून घरभर शोधाशोध चाललीय, अशी गोष्ट. पोरीनं लिहिली होती झकास. पण म्हाताऱ्याच्या कामासाठी ठरवलेले कुट्टप्पन आजोबा ऐन वेळी चटईवर आडवे व्हायलाच तयार होईनात. "अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे मला. ह्या कामाची रंगीत तालीम कशाला करू?" असं म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि ते चालू लागले. कॅमेरा लग्नाच्या फोटोग्राफरचा, आणि त्याला एकच्या मुहूर्ताला पोचायचं होतं. तेव्हा तिथं देखरेखीला उभे असलेले, पत्रकारितेचा विषय शिकवणारे आणि ह्याच प्रकल्पाला गुण देणारे अच्युतन मास्तर म्हणाले, "आडवंच पडायचंय ना? आणा ती चटई इकडे."

(परीक्षकानं परीक्षार्थीच्या सिनेमात प्रेत व्हावं का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. चांगल्या माणसांना असले प्रश्न फार उशिरा पडतात.)

मास्तरांचा जीव ह्या पोरीत गुंतला होता. तिचा बाप वर्गीस रिक्षा चालवायचा, आणि त्याच्या मते सिनेमा ही बघायची वस्तू होती, शिकायची नव्हे. शेजारच्या चार घरांतल्या चार पोरी नर्स होऊन जर्मनीला गेलेल्या. वर्गीसनं जिन्सीसाठीही नर्सिंगचा फॉर्म भरून रिक्षाच्या काचेवर खोचून ठेवला होता. बोटाला सुई टोचली तरी चक्कर येऊन पडणारी पोर ती! मास्तरांनी चार वेळा त्याच्या घरी जाऊन, चार वेळा काळा चहा पिऊन त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की ह्या प्रकल्पात ए प्लस मिळाला तर ती सिनेमाच्या शाळेचा अर्ज करील. नाही मिळाला तर जर्मनी.

प्रकल्पाला गुण चाळीस, मास्तर आणि बाहेरून येणारा एक परीक्षक मिळून देणार. सिनेमाला पंचवीस, पोस्टराला दहा, आणि किती प्रेक्षक खेचले त्याला पाच. छत्तीसला ए प्लस. सिनेमाची मास्तरांना काळजी नव्हती. काळजी होती पोस्टरची. जिन्सीनं पहिला नमुना आणला तो बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"पोस्टर, मास्तर."

काळोख, काळोखात धुकं, धुक्यात एक पाठमोरी मुलगी, आणि कोपऱ्यात मुंग्यांएवढी वळणदार अक्षरं.

"ही मुलगी कोण? सिनेमात तर नाही."

"तो... मूड आहे, मास्तर."

"नाक्यावर मासे विकणारी कुंजम्मा हा मूड बघायला थांबेल? दहापैकी तीन. मला सांगा," मास्तर सगळ्या वर्गाकडे वळले, "आपल्या चेरुमंगलममधली माणसं रस्त्यानं जाता जाता नेमकं काय वाचायला थांबतात?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "मेलेल्यांची पोस्टरं!"

ते मात्र अगदी खरं. आमच्याकडे माणूस गेला, की दोन तासांत त्याचा फोटो चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर आणि फणसाच्या बुंध्यावर झळकतो. निळा रंग, पेटता दिवा, दोन पांढरी फुलं, वर मोठ्या अक्षरात 'आदरांजली', खाली दर्शनाची जागा आणि वेळ. दूध घालायला निघालेला माणूससुद्धा थांबून कोण गेलं ते बघतो, चुकचुकतो आणि मगच पुढे जातो.

"मग तसलंच कर की!" मास्तर म्हणाले. "गोष्टही तीच आहे तुझी. आणि तुझं नाव एवढं ठळक नको. कलावंतानं नम्र असावं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात."

दुसऱ्या नमुन्यात निळा रंग होता, दिवा होता, फुलं होती आणि मधोमध मास्तरांचा सहलीतला हसरा फोटो होता. वर 'आदरांजली', फोटोखाली 'अच्युतन मास्तर', त्याखाली 'दुपारी तीन वाजता, शाळेच्या सभागृहात'. तळाशी बारीक अक्षरात: 'शेवटचा फोटो, एक लघुपट, जिन्सी वर्गीस आणि मंडळी'. मास्तरांनी पोस्टर हातभर लांब धरून पाहिलं. फोटोत ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते. त्यांनी पेन्सिलीनं दहापैकी दहा लिहून टाकले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी जिन्सीनं पोस्टर छापायला फोनवर छपाईच्या दुकानातल्या हम्साकडे पाठवलं. नेमकी तिला सर्दी झालेली. नाक चोंदलेलं, आवाज भरून आलेला. "हम्साइक्का, अच्युतन मास्तरांचं पाठवलंय. तीनला आहे. लवकर लागेल," एवढं बोलून शिंक आली म्हणून तिनं फोन ठेवला.

हम्सा मटकन स्टुलावर बसला. दहावीला तीनदा नापास झालेल्या हम्साला चौथ्या खेपेला घरी बसवून, दटावून पास करणारे अच्युतन मास्तरच. डोळे पुसून त्यानं पोस्टर उघडलं आणि तळाची ओळ वाचून त्याच्या मस्तकात तिडीक गेली. मास्तर गेले, आणि ही पोरगी त्यांच्या फोटोखाली सिनेमाची जाहिरात करतेय? त्यानं ती ओळ उडवली. तिथं ठसठशीत अक्षरांत 'अंत्यदर्शन' टाकलं. दहा प्रती सांगितल्या होत्या, त्यानं साठ काढल्या आणि दुकान बंद करून, स्कूटरवरून फिरत, स्वतःच्या हातानं साठच्या साठ चिकटवल्या. एक तर मास्तरांच्या घराच्या कुंपणावरसुद्धा, पण आत जाऊन मास्तरांच्या बायकोचं, सरोजमचेचींचं, तोंड बघायची हिंमत काही त्याला झाली नाही.

मास्तर त्या वेळी आत भात आणि माशाचं आंबट कालवण जेवत होते. त्यांचा फोन चार्जिंगला लावून बंद होता. सरोजमचा फोन वाजला. पलीकडे तिची बहीण हंबरडा फोडत होती.

"काय? कोण गेलं?" सरोजमनं विचारलं, ऐकलं आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "नाही गं. समोर बसून तिसऱ्यांदा भात मागतायत. हो, तेच. दुसरा कुठून आणू?"

तेवढ्यात दारात वाचनालयाचे चिटणीस कुंजंबू उभे राहिले. पांढरंशुभ्र मुंडू नेसलेले, हातात कागदांची सुरळी. त्यांनी मास्तरांना बघितलं. मास्तरांनी त्यांना बघितलं.

"या, कुंजंबू. जेवणार?"

"मास्तर," कुंजंबू खोल आवाजात म्हणाले, "हे तुम्ही बरं नाही केलंत."

"काय केलं मी?"

"चार पानं लिहिलीत मी. शोकसभेचं भाषण. तुमचं जन्मसाल तेवढं चेचींना विचारायला आलो होतो."

सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. कुंपणावरचं पोस्टर आणून सरोजमनं टेबलावर ठेवलं आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली, ती हसतच राहिली. खरं म्हणजे मास्तरांनी तेव्हाच उठून शाळेकडे पळायला हवं होतं. पण माणसाचं मन! त्यांनी हात धुतला आणि हळूच विचारलं, "लिहिलंय काय पण? वाचा ना."

कुंजंबूंनी वाचलं. कडक पण प्रेमळ, निःस्वार्थी, गावाचा दीपस्तंभ. मास्तरांचे डोळे पाणावले. "दीपस्तंभानंतर जिल्हा पुरस्काराचं घ्या," ते म्हणाले. "दोन हजार अठराला मिळाला, सतराला नाही."

दुसरं पान चालू असतानाच बाहेर वर्गीसची रिक्षा थांबली. सरोजमला अंत्यदर्शनाला न्यायला आलेला वर्गीस हातात पुष्पचक्र घेऊन आत शिरला आणि मास्तरांना पुरस्काराची तारीख सांगताना ऐकून दाराला टेकला.

"येशू!" तो म्हणाला. मग त्यानं पुष्पचक्र खाली ठेवलं आणि मास्तरांचा दंड चाचपून बघितला. "म्हणजे माझी पोरगी खरंच सांगत होती?"

"काय सांगत होती?"

"मास्तर जिवंत आहेत म्हणून तिकडे शाळेत रडून आकांत करतेय. सगळ्यांना वाटलं, धसका घेतलाय पोरीनं. दोघी जणी तिला पाणी पाजतायत. आणि बाहेरून आलेल्या त्या परीक्षक टीचर म्हणतात, मार्गदर्शक शिक्षकच वारले तर परीक्षा कसली? पुढे ढकला. सव्वातीनच्या बसनं परत जाणार आहेत."

मास्तर ताडकन उठले. पुढे ढकला म्हणजे दोन महिने. तोवर सिनेमाच्या शाळेची मुदत संपलेली, आणि काचेवरचा तो फॉर्म जर्मनीच्या वाटेला लागलेला.

"वर्गीस, रिक्षा काढ!"

सरोजम आणि कुंजंबूही मास्तरांच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. रिक्षात वर्गीस सारखा मागे वळून बघत होता. "काही म्हणा मास्तर, नर्सिंगलाच घालतो मी हिला. तिथं निदान मेलेला माणूस मेलेला असतो."

"समोर बघ! नाहीतर तीनची वेळ खरी होईल!"

रस्ताभर दर फणसावर मास्तर हसत होते. बसथांब्यावर तर एकमेकाला लागून चार वेळा. कुंजम्मानं माशाची पाटी खाली ठेवून पोस्टरला हात जोडले होते. रिक्षातून त्यांना जाताना बघून ती किंचाळली, ते पार शाळेपर्यंत ऐकू आलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. मास्तरांनी तीस वर्षांत शिकवलेली निम्मी पोरं, आता टक्कल पडलेली, भिंतीला धरून उभी होती. व्यासपीठावर दिवा, त्यापुढे पुष्पचक्रांची रास, आणि मधे एक रिकामं, पांढरी चादर घातलेलं टेबल, मास्तरांची वाट बघत. मास्तर धापा टाकत दारातून आत आले. आधी पाठच्या रांगेत शांतता पसरली, मग ती पुढे पुढे सरकत गेली. पुढच्या रांगेत हम्सा उभा राहिला, त्यानं मास्तरांकडे बघितलं, आणि एवढा दांडगा माणूस धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागला. मास्तरांनाही राहवलं नाही. ते त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "गाढवा, विचारायचं तरी एकदा!"

परीक्षक पंकजाक्षी टीचर पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. गुण देताना ह्यांचा हात असा आखडतो, की तीन तालुक्यांतली पोरं त्यांच्या नावानं नवस बोलतात.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी अच्युतन."

"कैलासवासी?"

"अजून नाही, टीचर." मास्तरांनी हात जोडले. "चूक माझी आहे. पोस्टर असंच कर म्हणून मीच सांगितलं. काय करायचं ते मला करा. पण पोरीचा सिनेमा बघितल्याशिवाय जाऊ नका. बारा मिनिटं फक्त. बस चुकली तर वर्गीस सोडेल."

पंकजाक्षी टीचरनी घड्याळ बघितलं, नाक लाल झालेल्या जिन्सीकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. "यादीत तुमचं नाव नट म्हणूनही आहे. म्हणजे तुम्हाला गुण देता येणार नाहीत. चाळीसच्या चाळीस मी देणार."

मास्तरांची पेन्सिल खिशातच राहिली.

दिवे मालवले. टेबलावरची पांढरी चादर पडदा म्हणून भिंतीला लावली. तीनशे माणसं रडायच्या तयारीनं आली होती, ती आधी हसली. म्हाताऱ्याचा एकेक फोटो निघत होता, प्रत्येकात तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आणि शेवटी नातीला एका लग्नाच्या फोटोच्या कडेला, गर्दीत, बायकोच्या डोक्यावर छत्री धरून खदखदून हसणारा आजोबा सापडतो, तेव्हा सगळं सभागृह नाकं पुसायला लागलं. वर्गीस दाराशी उभा होता. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "हे माझ्या पोरीनं केलं?"

पंकजाक्षी टीचर उठल्या. अख्खं गाव निकाल ऐकायला बसून राहिलं.

"प्रेक्षक. पाचपैकी पाच. खुर्च्या कमी पडल्या. पोस्टर." त्यांनी पुष्पचक्रांच्या राशीकडे बघितलं. "बावीस वर्षं पोस्टरं तपासतेय. पोस्टर वाचून मी स्वतः पुष्पचक्र घेऊन आले, असं आजवर झालं नाही. दहापैकी दहा. सिनेमा, पंचवीसपैकी चोवीस. एकूण एकोणचाळीस."

जिन्सीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  वर्गीस बाहेर गेला, रिक्षाच्या काचेवरचा फॉर्म काढून आणला आणि लेकीच्या हातात दिला. "हा घे. मागे कोरा आहे. पुढची गोष्ट लिही." पोरगी बापाच्या गळ्यात पडली, कुंजंबूंनी टाळ्या सुरू केल्या, आणि आता भाषणातली उरलेली दोन पानं वाचू का म्हणून त्यांनी लगेच विचारलंसुद्धा.

इथं सगळं गोड झालं होतं. मास्तरांनी गप्प बसायला हरकत नव्हती. पण तो कापलेला एक गुण त्यांना दाताखाली खड्यासारखा लागत होता.

"टीचर," ते भर सभेत उभे राहिले, "माफ करा, पण हा अन्याय आहे. गोष्ट उत्तम, छायाचित्रण उत्तम. तो एक गुण कशाबद्दल कापलात, हे कळलं पाहिजे!"

"अभिनयाबद्दल."

"कुणाच्या?"

"प्रेताच्या," पंकजाक्षी टीचर म्हणाल्या. "फारच अभिनय करतं ते. मधे एकदा तर कॅमेरा कुठं आहे ते बघून घेतं."

 मास्तरांनी आधाराला सरोजमकडे बघितलं, तर ती वहीत लिहून घेतल्यासारखी मान डोलवत होती. शेवटी वर्गीसच मास्तरांजवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकीला म्हणाला, "जिन्सी, पुढच्या वेळी खरा नट घे. मास्तर पोस्टरवरच बरे दिसतात."