जागृत सर्व्हर

आमच्या ग्रामपंचायतीनं २००५ साली कागदमुक्त होण्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. ठराव कागदावरच लिहिला होता, पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते. जुनी रजिस्टरं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली. यापुढे संगणकातून निघालेला दाखला तेवढा खरा आणि हातानं लिहिलेला खोटा, अशी दवंडी पिटवण्यात आली.

तयार सर्व्हर पंचायतीच्या आवाक्याबाहेरचा होता. पण सरपंच सदाशिवरावांचा पुतण्या निकेश वर्ध्याहून हार्डवेअरचा कोर्स करून आला होता. त्यानं नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून घरच्या घरी सर्व्हर जोडला. पंचायतीचं छप्पर गळत असल्यामुळे त्याची स्थापना सरपंचांच्या घरी, देवघराला लागून असलेल्या खोलीत झाली. साहजिकच चपला बाहेर काढाव्या लागत. भिंतीवरच्या बोर्डाला भोकं दोन आणि वायरीला पिना तीन होत्या. निकेशनं जास्तीची पिन पकडीनं तोडली, नारळ दगडावर फोडला आणि सर्व्हर सुरू झाला. मग सगळं गाव त्यात भरण्यात आलं.

काही दिवसांतच तो चालता चालता बंद पडू लागला. शिवाय अनवाणी माणसानं डब्याला हात लावला, की कोपरापर्यंत मुंग्या येत. सरपंचीणबाई सुमित्राबाईंनी पहिल्यांदा हात लावला आणि तिथंच पदर डोक्यावर घेतला.

"अवं बाई, हा तं जागृत आहे!" त्या म्हणाल्या.

झालं. डब्यावर हळदकुंकू चढलं. शेजारच्या हिंगणी गावाहूनसुद्धा माणसं हात लावायला येऊ लागली. दाखला कोणाला मिळत नव्हता, पण मुंग्या सगळ्यांना मिळत होत्या, त्यामुळे तक्रार कोणाची नव्हती.

तक्रार एकटीची होती. रामाजींच्या दिपालीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारपर्यंत रहिवासी दाखला जोडला नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. ती रोज यायची. ग्रामसेवक रूपराव तिचं नाव टाकायचे, आणि छपाईची वेळ आली की पडदा काळा व्हायचा.

"काकाजी, हातानं लिहून द्या ना जी," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी इथंच जन्मली. माह्या बारशाच्या घुगऱ्या तुमीच खाल्ल्या ना?"

"खाल्ल्या ना पोरी, नाई कायले म्हनू?" रूपराव म्हणाले. "तू इथली आहे हे मले माहीत आहे. पन सर्व्हरले सांगता आलं पाह्यजे ना!"

प्रकरण हाताबाहेर जाऊ नये म्हणून सर्व्हर स्थैर्य समिती नेमण्यात आली. माझ्या घरी रंगीत टीव्ही होता, म्हणून मला तांत्रिक सदस्य केलं. समितीच्या देखरेखीखाली निकेशनं रॅम काढून शाळेतल्या खोडरबरानं घासली. सर्व्हर बंदच पडला. पंखा बदलला, पॉवर सप्लाय बदलला, हार्ड डिस्कची वायर बदलली. प्रत्येक नव्या भागाला कुंकू लागलं आणि तोही जुन्यासारखाच वागू लागला. शेवटी निकेशनं मदरबोर्डसोबत आलेलं पुस्तक वाचलं. हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा असतो.

"काका, अर्थिंग नाई आपल्याले," तो खाली मान घालून म्हणाला. "मी तोडली ते पिन त्याचीच होती. मांगं खड्डा करून मीठ-कोळसा टाकला अन् तार सोडली, तं मुंग्याई थांबतीन अन् सर्व्हरई."

"सर्व्हर थांबंन?"

"बंद पडनं थांबंन, काका."

सदाशिवरावांनी मागचं दार उघडून जागा पाहिली. खड्डा घरामागच्या, पंचायतीच्या मालकीच्या गल्लीत येणार होता. त्याला ग्रामसभेचा ठराव हवा. ठराव संगणकावर काढून त्याला जावक क्रमांक पडायला हवा. म्हणजे सर्व्हर नीट चालू झाल्याशिवाय सर्व्हर नीट चालू करता येत नव्हता. समितीनं ही अडचण समाधानानं नोंदवली आणि चहा घेतला. दारात उभ्या दिपालीकडे बघून मला लाज वाटली. पण समितीत लाजेला मत नसतं, म्हणून मीही बिस्किट घेतलं.

रविवारी सकाळी रामाजी टिकास घेऊन गल्लीत आले आणि कोणाला न विचारता खोदू लागले. दिपालीनं मीठ-कोळसा आणला. निकेशनं मान खाली घालूनच तार जोडली, तीन भोकांचा बोर्ड आणि नवा थ्री-पिन टॉप बसवला. सर्व्हर सुरू झाला आणि सुरूच राहिला. दुपार झाली तरी पडदा काळा होईना.

गावात हाहाकार उडाला. सुमित्राबाईंनी डब्याला हात लावला, पुन्हा लावला आणि डोळ्याला पदर लावला. "गेला वं देव उठून!" हिंगणीहून आलेली मंडळी तोंड पाडून परत गेली. सदाशिवराव संतापानं रामाजींसमोर येऊन उभे राहिले.

"रामाजी, कोनाले इचारून खंदलं?"

"कोनालेच नाई जी. इचारलं असतं तं आजई खंदनं झालं नसतं."

"दाखला द्या जी आता, मशीन चालू आहे," दिपाली म्हणाली.

"तुह्या बापावर अतिक्रमणाची केस आहे. केस मिटेपर्यंत दाखला नाई," रूपराव म्हणाले, आणि त्यांनी लगेच नोटीस टाइप केली. सर्व्हरनं ती एका दमात छापून दिली. *रामाजी, रा. येथील, व त्यांची कन्या कु. दिपाली, रा. येथील, यांनी सार्वजनिक गल्लीत विनापरवाना खड्डा केला.* खाली जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का.

संध्याकाळपर्यंत समितीच्या आदेशानं खड्डा बुजवला गेला, तार उपटली गेली आणि सर्व्हर पुन्हा जागृत झाला.

सोमवारी दिपालीनं ती नोटीसच अर्जाला जोडली. कॉलेजच्या बाबूनं कागद उलटसुलट करून पाहिला. ती कुठं राहते हे ग्रामपंचायतीनं स्वतःहून, सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. बाबूला आणखी काय हवं? प्रवेश पक्का झाला.

तेव्हापासून आमच्याकडे रहिवासी दाखल्याची रीत ठरून गेली आहे. ज्याला हवा, तो टिकास घेऊन सरपंचांच्या घरामागे जातो आणि खोदतो. तार जोडली की सर्व्हर चालू होतो, नोटीस निघते, खड्डा बुजतो. कामं वेळेत होतात.

हसताय? हसा. पण तुम्ही तुमच्या गावात राहता, हे तुमच्या कचेरीला आपणहून शेवटचं कधी आठवलं होतं, ते एकदा आठवून बघा. नोटीस आली होती, तेव्हाच ना?