हुकूम परत म्हणणारे वीरभद्रप्पा

वीरभद्रप्पांच्या घरी काहीही बोला, ते तुमचे वाक्य तुम्हालाच परत ऐकवतात. "चहा नको," असे मी संकोचाने पुटपुटतो आणि लगेच "चहा नको!" अशी गर्जना होते. गर्जताना त्यांची नजर माझ्याकडे नसते. मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली असते. नवखा माणूस पहिल्यांदा दचकतो, दुसऱ्यांदा हसतो, आणि पुढे चिटगुप्प्यातल्या आमच्या साऱ्या गल्लीप्रमाणे त्यांना खुळे समजून गप्प राहतो.

खुळेपणाला कारण मात्र भारदस्त आहे. वीरभद्रप्पांची उमेदीची वर्षे नौदलाच्या पाणबुडीत गेली. जिथे विहिरीच्या पाण्याचाही भरवसा नाही, अशा गावातला मुलगा समुद्राच्या पोटात कसा गेला, हे त्यांना कुणी विचारत नाही. कारण विचारले की ते पाणबुडीच्या जन्मापासून सुरुवात करतात.

"पैल्या बोटी माणसं हातानं फिरवायची, सर. आत मेणबत्ती. ती विझायली की समजायचं, हवा संपायली. मग डिझेल आलं, बॅटरी आली. पर डिझेलला हवा लागती, म्हणून बोट सारखी वर यायची. मग वर नळी काढून खालनंच श्वास घ्यायला शिकली. मग अणूची ताकद आली, वर यायचं कामच न्हाई! आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंगावर रबर चढलं. सगळं बदललं. एकच बदललं न्हाई."

"कोणते?" असे विचारणे आपल्याला भाग असते.

"कोणतं!" ते आधी दाराकडे गर्जतात, मग सांगतात, "हुकूम ऐकला की परत म्हणायचा. एकानं ऐकलं न्हाई, तर सगळे तळाला."

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला नाव ठेवायचे होते. हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा आदल्या दिवशी माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "अप्पा, उद्या तेवढं परत म्हणू नका. सासरची माणसं यायलीत. हसतील."

"परत म्हणू नका!" अप्पा गर्जले, आणि मग ओशाळून हळू म्हणाले, "बरं. न्हाई म्हणत."

त्यांनी शब्द पाळला. पाहुणे आले, बोलले, जेवले. माझ्या शेजारी बसलेले वीरभद्रप्पा दोन्ही हातांनी गुडघे धरून गप्प होते. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे बाळाचे नाव आजीने मोठ्याने सांगायचे असते. शांतक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाळण्यावर वाकून दुपटे सारखे करत होत्या. मागून विहीणबाई म्हणाल्या, "अक्का, नाव सांगा की!"

शांतक्का दुपटेच सारखे करत राहिल्या.

"सांगा की, अक्का!"

कुणीतरी खुसखुसले. "नाव इसरल्या व्हय?" शांतक्कांनी मान वर केली. सगळे आपल्याकडे पाहत आहेत एवढेच त्यांना उमगले, आणि चेहऱ्यावरचे हसू तसेच राहून डोळे घाबरले.

वीरभद्रप्पा ताडकन उठले. "नाव सांगा!"

"अप्पा!" मुलगा कळवळला. पाहुणे पोट धरून हसू लागले. त्या हशात शांतक्का सावरल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "गौरी!"

नौदलातून परतल्यावर कितीतरी वर्षे वीरभद्रप्पा आपल्यासारखेच बोलत असत, हे मला तेव्हा आठवले.

पाहुणे गेल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. ते आपणहून म्हणाले, "तिला कमी ऐकू यायलंय, सर. मशीन लावू म्हणलो, तर गल्ली हसंल म्हणती. पोरालाबी सांगू देत न्हाई. हसायचंच हाय तर मला हसू द्या की. माझ्याकडं बोटीचं कारण हाय सांगायला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. आतून शांतक्कांनी विचारले, "सर, चहा टाकू?"

मी घसा साफ केला, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलो आणि आयुष्यात प्रथमच ओरडलो, "अर्धा कप चालेल!"

वीरभद्रप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"तुम्ही कामून वरडायलाव?" ते म्हणाले. "हे काम माझं हाय."

आणि मान वळवून त्यांनी गर्जना केली, "अर्धा कप चालेल!"

"ऐकलं की!" आतून उत्तर आले. "दोघांचंबी ऐकलं."