परदेशीपुऱ्यातला जर्मनी

कापडमिलवाल्यांच्या आमच्या परदेशीपुऱ्यात "फ्रान्स, उन्हातून बाजूला हो!" अशी आरोळी आली, की वानखेडेकाकांची खिचडी शिजायला लागली असं समजावं. अंगणात त्यांचा सोलर कुकर असे: काळा डबा, वर काच, झाकणाला आरसा. आणि फ्रान्स म्हणजे बनवारी. नेमका आरशापुढे उभा राहून बिडी पेटवायचा.

काका मिलच्या बॉयलरवर होते. मिलला कुलूप लागलं आणि अख्खी उमर कोळसा झोकलेला हा माणूस एकदम कोळशाचा वैरी झाला. रेडिओवर परदेशी स्टेशनच्या हिंदी बातम्या ऐकायच्या आणि सकाळी नळावर जाहीर करायचं, "भिया, जर्मनीत छतावर उन्हाची वीज बनवा, ती वीज कंपनीला विकत घ्यावीच लागते. कायदा आहे, कायदा!"

"काका, तुमच्या जर्मनीला सांगा, आधी आमचा नळ सोड," बायका म्हणायच्या.

माझं त्यांच्याशी रोजचं भांडण. 'बॉयलर पेटवा, मिल चालवा' हे युनियनचं पत्रक मीच लिहिलेलं.

"युरोपनं पिढ्यान्‌पिढ्या कोळसा जाळून घर भरलं, आणि आता जगाला उपदेश?" मी भडकायचो.

"अरे, मग ज्यानं जास्त जाळला त्यानं आधी कमी करावा. तेच तर चाललंय तिकडे! तू पत्रक लिही, बीच में मत बोल."

एके दिवशी रेडिओवर आलं, की युरोपच्या देशांनी ब्रुसेल्सला बसून धूर कमी करायची आपसात वाटणी केली. तालेवारांनी जास्त कपात करायची, गरीब देशांना थोडा वाढवायचीही सूट. काका खूश! अंगणात जमणाऱ्या रिकाम्या मिलवाल्यांना त्यांनी तिथल्या तिथे देश वाटून टाकले. कोणी डेन्मार्क, कोणी इटली. स्वतः जर्मनी. कुकर सूर्याकडे फिरवायच्या पाळ्या लागल्या, बिड्यांची कपात ठरली. फ्रान्सनं सही करायला साफ नकार दिला.

आमची खरी काळजी होती सखारामची. मागावरचा पक्का विणकर. घरात चूल कधी पेटे, कधी नाही, पण मान ताठ. युनियननं जमवलेलं पीठ त्यानं परत पाठवलं होतं: "मी कारागीर आहे, मंगता नाही." अंगणात गप्पांना यायचा आणि खिचडीची काच उघडली की उठायचा. गालफडं बसली होती. असाच राहिला तर अंथरूण धरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या दुपारीही तो उठला.

"पोर्तुगाल, बैठ जाओ!" काका गरजले.

"कोण पोर्तुगाल?"

"तू. गरीब देशांना वाढीव हिस्सा आहे. ठराव झालाय."

"तो धुराचा ना?"

"आपल्याकडे मिल बंद आहे, धूर कुठून आणू? खिचडीच वाटावी लागणार."

"आणि मीच का?"

"मला काय विचारतो? ब्रुसेल्सला विचार."

मला राहवेना. "काका, हे चूक आहे. वाटप समान पाहिजे!"

काकांनी माझ्यावर डोळे वटारले. तेवढ्यात बनवारी ताट पुढे करून म्हणाला, "पोर्तुगालला नको असेल तर फ्रान्स तयार है, भिया!"

"फ्रान्स, तू आधी बिडी विझव."

सगळे हसले. सखारामही, पुष्कळ दिवसांनी.

"ठरावच असेल तर मोडायला नको," तो पुटपुटला आणि मांडी घालून बसला. काकांनी त्याला दोनदा वाढलं. "पोर्तुगालला निर्यातीचीही मुभा आहे," असं म्हणत घरी न्यायला डबाही भरला.

पंगत रंगली. इटली आणि डेन्मार्क लोणच्यावरून भांडत होते. काका भिंतीला टेकून तांब्यातलं पाणी पीत होते. पातेलं रिकामं होतं.

मी सरकून त्यांच्याजवळ गेलो. "काका, जर्मनी जेवला नाही."

"हळू बोल," ते म्हणाले. "पोर्तुगाल जेवतोय."