खाप्याचे विमानमैदान कैसे राखिले

धरमपेठ, रामदासपेठ व भोवतालच्या तमाम हौशी, रिमोटची विमाने उडविणाऱ्या बहाद्दरांस सेवक चिटणिसाचा सप्रेम दंडवत. आपण मंडळींनी ग्रुपवर पृच्छा केली जे, पौषातल्या त्या रविवारी मैदानावर नेमके काय जाहले. कोणी म्हणतो विमान कोसळले, कोणी म्हणतो पोलीस आले, तरी खरे वर्तमान लिहून पाठवावे. त्यास पोलीस आले नाहीत आणि विमानही कोसळले नाही. जे जाहले ते याहून कठीण. सेवक तेथे जातीने हजर होता, पोह्यांच्या पातेल्याआड का होईना पण हजर होता, आणि जे त्यास पातेल्यामुळे दिसले नाही ते मागाहून एकेकास खोदून विचारिले आहे. अर्धे वाचून पुढे पाठवू नये. मागे तैसे केल्याने एका भल्या माणसाच्या घरी सांत्वनाचे फोन गेले होते.

प्रथम मुलखाची हकीकत. शहरात आमचे राज्य कधीच नव्हते. पहिले मैदान प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी गिळिले, मग दुसरे गिळिले, आणि तिसऱ्यावर मंगल कार्यालय उभे राहून जेथे आम्ही विमाने उतरवीत असू तेथे आता वराती उतरतात. ऐसे दारोदार भटकून शेवटी मौजे खापा येथे, कन्हान नदीच्या कडेस, बायजाबाईसाहेब यांची चार एकर पडीत जमीन नजरेस आली. जागा तळहातासारखी सपाट, वर तार नाही, मध्ये झाड नाही, पलीकडे त्यांचीच संत्र्याची बाग. बाईसाहेबांनी मोबदला काही मागितला नाही. रविवारची सकाळ आम्हांस बहाल केली आणि तहात कलम एकच घातले. ते त्यांच्या मुखातून निघाले तैसेच दफ्तरी आहे: "माह्या वावरात पिऊन कोनी पाय ठेवला, त त्याच दिवशी ट्रॅक्टर घालीन. मंग तुमी तुमचे इमानं डोक्यावर घेऊन फिरा."

हे कलम का, ते खाप्यात लहान पोरही सांगेल. त्यांचे यजमान कैलासवासी लहानूजी यांनी बावीस वर्षे दारू घेतली आणि दारूतच गेले. ट्रॅक्टर बागेच्या गोठ्यापाशी उभा असे आणि नांगर त्यास जोडलेलाच असे. आम्ही मंडळी दर रविवारी त्याजकडे न पाहता पुढे जात असू.

आता राजश्री मारोतराव मास्तर. हायस्कुलात तीस वर्षे चित्रकला शिकविली, आणि बाल्साचे हलके लाकूड ब्लेडने कातरून त्याचे विमान करावे ते मास्तरांनीच. आज मैदानावर जो जो म्हणून रिमोट हाती धरितो तो त्यांच्या हाताखालून गेलेला. सेवकाचे पहिले विमान जुन्या मैदानावर पळसात अडकले तेव्हां मास्तर साठीत असून स्वतः वर चढले, आणि खाली येऊन एक शब्द बोलिले नाहीत. न बोलण्याचा सेवकास फार राग आला होता. तो राग पुढे भक्तीत जमा जाहला.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मास, रविवार. तिथी नोंदली नाही, कारण फोनची बॅटरी उतरली होती. सकाळचे सवानऊ जाहले होते, धुके नुकतेच उठले होते, आणि फौज चहा घेत होती, तो खाप्याच्या स्टँडाकडून ऑटो आला आणि त्यातून मास्तरांची स्वारी विमानासह उतरली. वास्तविक मास्तर नेहमी त्यांच्या जुन्या शिष्या डॉक्टर वैदेहीबाई यांच्या गाडीतून येत. आज एकटे आले, तेव्हांच काही तरी समजावयास हवे होते. उतरून त्यांनी वाऱ्याची दिशा दाखविणारी जी पिशवी खांबावर बांधिली आहे तीस रामराम केला, आणि घरचे सर्व खुशाल ना, म्हणून विचारिले. मग रजत, जे धरमपेठेत नकाशे काढितात आणि आमच्या क्लबाचे सरसेनापती म्हणवितात, ते सामोरे गेले, गळाभेट जाहली, दारूचा वास नाकी भरला, आणि सरसेनापती पांढरेफटक होऊन माघारी फिरले.

गाडीआड मसलत बसली. बाईसाहेब दर रविवारी दहाच्या ठोक्यास संत्र्यांची टोपली घेऊन बांधावरून येत. म्हणजे पाऊण तास हाती. त्याच्या आत मास्तरांस मैदानाबाहेर काढणे, आणि तेही त्यांचा अपमान न होता. कारण गुरूस बखोटीस धरून घालविण्याची कोणाचीच छाती नव्हती. सर्वांची पाचावर धारण बसली.

पहिली चाल पियुष यांची. हे पोह्यांचे कारभारी. त्यांनी मसलत दिली जे, पोटात तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, गेली की माणूस ताळ्यावर येतो, आणि सर्वांस ती पटली, कारण नागपुरात तर्रीवर अविश्वास दाखविणे सोपे नाही. मग पियुष लाल जर्द तर्रीचे पोहे घेऊन चालून गेले. मास्तरांनी एक प्लेट संपविली, दुसरी संपविली, वर चणे कमी पडले म्हणून पियुष यांची कानउघाडणी केली, आणि बाकीची तर्री सरळ वाटीने प्याले. ताळ्यावर काही आले नाहीत. उलट अंगी बळ आले आणि विमानास पंख जोडू लागिले.

दुसरी चाल सरसेनापतींची. त्यांनी हुकूम केला जे, विमान विजेचे, बॅटरीवाचून पाते फिरणार नाही, तरी मास्तरांच्या पेटीतली बॅटरी गुपचूप लांबवावी. ती लांबविली आणि पोह्यांच्या पिशवीत दडविली, आणि सरसेनापतींनी मिशीवर हात फिरविला, जरी त्यांस मिशी नाही. येथे मोहिमेची सर्वांत मोठी चूक घडली. पौषाच्या थंडीत बॅटरी गारठली की दम देत नाही, सबब आम्ही सारे ती स्वेटराच्या आत पोटाशी ऊबेस ठेवितो. खुद्द रजत यांच्या पोटाशी त्या घडीस दोन होत्या. पेटीतली होती ती जुनी, फुगलेली, टाकून द्यावयाची. खरी मास्तरांनी बेंबीपाशी जपली होती. ती बाहेर काढून विमानात सारिली आणि फौज हां हां म्हणते तो विमान आभाळात गेले.

मग जे जाहले ते ऐसे. विमान सहा फुटी पंखांचे, ते उलटे होऊन पोह्यांच्या पातेल्यावरून गेले आणि सारी फौज आडवी पडली. मग नदीकडे गेले, मग डगमगत बागेवर गेले, आणि बागेत बाया संत्री तोडीत होत्या. मास्तर मात्र डोलत उभे, आणि बोलत होते जे, "आज मस्त उडून राहिलं." रजत रिमोट हिसकावण्यास धावले, परंतु दोन पावलांवर थबकले. आमच्या मैदानाचा दस्तूर आहे जे, ज्याचे विमान आभाळात त्याच्या अंगास कोणी हात लावू नये. एक बोट घसरले की तीन किलोचे विमान कोणाच्या डोकीवर येईल त्याचा नेम नाही. हा दस्तूर मास्तरांनीच घालून दिला होता. त्यामुळे सेनापतीही उभे, फौजही उभी, आणि दहाला सात मिनिटे कमी.

ऐशा समयी कुमक आली. डॉक्टर वैदेहीबाई रामदासपेठेतल्या इस्पितळात राऊंड आटोपून थेट मैदानावर पोहोचल्या. त्यांनी आभाळाकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले. गाडीतून आपला रिमोट काढिला, ट्रेनरची केबल काढिली आणि मास्तरांपाशी जाऊन अर्ज केला जे, "मास्तर, माझा हात बसून नाही राहिला लँडिंगले. मले पुन्हा केबलवर घ्या ना."

केबल म्हणजे काय ते नवख्यांसाठी लिहितो. गुरूचा रिमोट आणि शिष्याचा रिमोट एका वायरीने जोडावे. गुरूच्या रिमोटावर एक खटका असतो. गुरूने तो बोटाने ओढून धरिला तोवर विमान शिष्याचे. बोट सुटले की विमान गुरूकडे माघारी. म्हणजे येथे हिसकावून काहीच मिळत नाही. गुरूने आपण होऊन द्यावे, आणि देत राहावे, तरच मिळते. वैदेहीबाई वीस वर्षांच्या होत्या तेव्हां याच केबलवर शिकल्या, आज त्यांस मैदानावर तोड नाही, आणि हे मास्तरांस ठाऊक होते. तरी मास्तरांनी आयुष्यात शिकविण्यास नाही म्हटले नव्हते. त्यांनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि बोलिले, "लाव."

केबल जोडिली. मास्तरांनी खटका ओढिला. विमान एकदम सरळ जाहले, जैसे वर्गात गुरुजी आल्यावर पोर सरळ बसते. मास्तरांचे पाय डावीकडे जात होते, धड उजवीकडे जात होते, आणि रजत यांनी मागून खांदा लावून त्यांस तोलून धरिले होते; परंतु ते एक बोट हलले नाही. वर तोंडाने धडा चालूच होता जे, "घाई नको करू. नाक खाली. वारा पाहून राहिली ना वं?" आणि वैदेहीबाई हो मास्तर, हो मास्तर म्हणत विमान बागेवरून काढून मैदानाकडे वळवीत होत्या.

इतक्यांत दहा वाजले आणि बायजाबाईसाहेब बांधावर आल्या. पियुष यांनी त्यांस मोठ्या अदबीने वाऱ्याच्या वरच्या अंगास खुर्ची देऊन बसविले, जेणेकरून वास नदीकडे वाहून जावा. चाल उत्तम होती. परंतु त्याच घडीस खांबावरची पिशवी लटकली, हलली, आणि सरळ उलट्या दिशेस फुगली. वारा फितूर जाहला. बाईसाहेबांनी मान वळविली. त्यांच्या नाकास त्या वासाची बावीस वर्षांची ओळख. तथापि त्या उठल्या नाहीत, बोलिल्या नाहीत, कारण विमान अद्याप आभाळात होते आणि दस्तूर त्यांसही ठाऊक होता.

विमान उतरले. धूळही उडाली नाही. मास्तरांनी खटका सोडिला. मग बाईसाहेबांनी विचारिले, "कोन पेलं?"

तमाम फौज आपापल्या बुटांकडे पाहू लागली. पियुष यांनी अर्ज केला जे, डॉक्टरीणबाई इस्पितळातून आल्या, हातास स्पिरिट लागले असेल. बाईसाहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले जे पियुष पातेल्याआड सेवकाच्या शेजारी येऊन बसले. गोठ्यापाशी ट्रॅक्टर उभा होता. आणि तेव्हां मास्तर पुढे आले, दोन पावले, तीही वाकडी, आणि बोलिले.

"मी पेलो, बायजाबाई. हे पोट्टे मले झाकून राहिले. इमान बी मी नाही उतरवलं, हिनं उतरवलं. माहा हात हालते आता. एक घेतली का थांबते. नाही घेतली त स्टिक धरता येत नाही. सहा महिने झाले, घेऊन राहिलो. आज जास्त झाली. मले काढा. या पोट्ट्यायचं मैदान नोका मोडू."

सहा महिने. आणि आम्हांपैकी एकासही कळले नाही, दर रविवारी त्यांच्या हातचे शिकून गेलो आणि हात पाहिला नाही. सेवकाचे डोळे भरून आले. लिहिण्यास लाज नाही. वैदेहीबाई तर डॉक्टर, त्यांनी तोंड फिरविले.

बाईसाहेबांनी गोठ्यापाशी उभ्या ट्रॅक्टराकडे पाहिले. मग त्यांचे फर्मान सुटले, ते असे. "बावीस वर्सं मी त्या मानसाले इचारलं, पेलं का गा. बावीस वर्सं नाही म्हनला. मरतानी बी नाही म्हनला. तुमी पयल्यांदा इचारल्यावर हो म्हनलं. म्हनून आज ट्रॅक्टर घालत नाही. पन पुढच्या रविवारी पयले तुमी एकट्यानं माह्यापाशी यायचं, तोंड उघडून दाखवायचं, मंग बाकीच्यायनं इमानं काढायचे. पिऊन आले त नांगरीन. आलेच नाही तरी नांगरीन."

म्हणजे मैदान वाचले नव्हते, केवळ आठ दिवसांची मुदत मिळाली होती. आणि तीही अशा माणसाच्या भरवशावर ज्यास स्वतःचा हात आवरत नव्हता. तो आठवडा फौजेने कसा काढिला ते विचारू नये. ग्रुपवर एरवी सकाळी शंभर फुले येतात, एक आले नाही. वैदेहीबाई मास्तरांस मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी काही तरी निमित्त काढून मास्तरांकडे बसावयास जाई, आणि निमित्त खोटे आहे हे मास्तरांस कळे, आणि ते चहा ठेवीत.

दुसऱ्या रविवारी सारी फौज साडेआठलाच हजर, विमाने गाड्यांतच. नऊ जाहले, साडेनऊ जाहले. बाईसाहेब आज टोपलीवाचून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मग वैदेहीबाईंची गाडी आली, आणि तीतून मास्तर उतरले, आणि बांधाकडे एकटे चालत गेले. पाऊल सरळ पडत होते. हात मात्र दोन्ही हालत होते, ऐसे जे शंभर पावलांवरून दिसावे. त्यांनी ते लपविले नाहीत. समोर उभे राहिले आणि शाळेत पोर उघडते तैसे तोंड उघडिले. बाईसाहेबांनी वास घेतला. मग हातांकडे पाहिले. मग आम्हांकडे वळून हुकूम केला, "चला पोट्टेहो, काढा इमानं."

त्या दिवशी नऊ विमाने उडाली. मास्तरांनी रिमोट हाती घेतला नाही.

ऐसियास मंडळींचे म्हणणे पडले जे, फत्तेची तारीख पहिल्या रविवारची लिहावी, कारण विमान त्या दिवशी सुखरूप उतरले. सरसेनापतींचाही तोच आग्रह. सेवकास ते कबूल नाही, आणि दफ्तर सेवकाकडे आहे. सबब फत्ते दुसऱ्या रविवारी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास, बांधावर जाहली, आणि ती मारोतराव मास्तर यांनी एकट्याने केली, ऐसे येथे कायम नोंदिले आहे. यात कोणी खाडाखोड करू नये.