परसूअप्पांचा आख

फणस वाजवून घेतात तसं लोखंड वाजवून घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या कुंभारवाड्याला या, शेजारचे परसूअप्पा दाखवते. कोयत्याच्या पाठीनं टणकन ठोकायचं, मग कान लावून डोळे मिटायचे. "बोलतोय न्हवं, अक्का?" मला काय डोंबल ऐकू येतंय! मी आपली मान हलवते.

जन्म त्यांचा बैलगाड्या दुरुस्त करण्यात गेला. बायको लवकर गेली. लेक सुमी तेव्हा रांगत होती, ती गाडीच्या सावलीतच वाढली. मोठी होऊन मोटारींच्या नादाला लागली ती थेट शर्यतीत. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि आधी कोण पोचतंय बघायचं, एवढाच तो खेळ. गेल्या खेपेला गाडी सुटताच मागचा आख, म्हणजे दोन चाकं जोडणारा लोखंडी दांडा, मोडला, चाक निसटलं. सुमीचं खरचटण्यावर निभावलं, पण अप्पांची झोप गेली ती गेलीच.

मग पडवीत दोन आख येऊन पडले. एक हलका, दुसरा जुन्या टेम्पोचा, चौघांनी उचलावा असला.

"हलका घाला अप्पा, गाडी पळंल," सुमी म्हणाली.

"पळाया इंजिन लागतंय. घरी यायला आख लागतोय!"

हे वाक्य त्यांनी बसच्या कंडक्टरला ऐकवलं, पुजाऱ्याला ऐकवलं. माझ्या नातीच्या, दिग्गीच्या लग्नात अक्षता टाकताना नवऱ्या मुलालाही ऐकवलं.

"अप्पा, ही काय भाताची गाडी हाय व्हय?" सुमी तणतणली. पण बसला जडच.

आमच्याकडे बैलगाडीला नवा आख घातला की माणसं बसवून गाडी बांधावरून न्यायची, ही जुनी रीत. अप्पांनी तीच लावली. शर्यतीच्या मोटारीत पोत्यांवर आम्हा तीन म्हाताऱ्यांना कोंबलं आणि गाडी बांधावरून हाणली. आख टिकला. माझी कंबर न्हाई.

शर्यत बेळगावकडच्या माळावर होती. अप्पांनी माझ्या हाती नारळ दिला, "सांभाळा, अक्का." आणि रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. नुसते ऐकत. गाड्या सुटल्या. दुसरी पार पोचली तेव्हा आमची कुठं अर्ध्यात होती. मी नारळ गुपचूप पिशवीत सारला.

सुमी गाडी घेऊन परत आली. "हरले, अप्पा. तुमच्या त्या धोंड्यापायी."

अप्पांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्यापुढे हात केला. "नारळ द्या."

"अवो, हरलीय की ती!"

"व्हय. जिंकायचा नवस कुणी केलता?"

मागच्या चाकापाशी नारळ फोडला, आणि आख बघतो म्हणून अप्पा गाडीखाली शिरले. ठोकल्याचा आवाज काही येईना. नुसते पाय दिसत होते. मी वाकून हाक मारणार, तर सुमीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, अक्का," ती म्हणाली, आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला.